वस्तऱ्याला अंगण बंद

३ सप्टेंबर

चिमे,

फोन करत नाही. मागच्या वेळी फोनवर आपण दोघी अशा भांडलो की शेजारीण दार वाजवून विचारून गेली, सगळं ठीक आहे ना. तुझ्या आजोबांचा नियमच बरा होता. घरातलं भांडण कागदावर करायचं, म्हणजे लिहिता लिहिता हात दुखतो आणि निम्मा राग त्यातच जातो. तसं आज भांडण नाहीच. आज माझं तुझ्याकडे काम आहे.

काम आपल्या सोन्याचं. तो ते किल्ल्याचं खेळतो ना कॉम्प्युटरवर, पाच जण आत, पाच जण बाहेर, कानाला हेडफोन, आणि आमच्या घरात सकाळ-संध्याकाळ 'डावीकडून ये, डावीकडून ये'. पूर्वी मी ओरडायचे. आता ओरडत नाही, कारण एका मोठ्या संघानं त्याला बोलावलंय. खरोखरचा संघ, चिमे. राहायला जागा, शिकवायला माणूस, सगळं. ज्याच्या प्रगतिपुस्तकावर सही करायला आम्ही दोघं एकमेकांना पुढे ढकलायचो, त्या पोराला कुणीतरी 'तू आम्हाला हवास' म्हटलं. त्या दिवशी तो किती दिवसांनी आमच्याबरोबर बसून जेवला.

आता माशी कुठे शिंकली ते सांगते. या खेळात म्हणे खोल्या असतात, जो तो आपल्या ओळखीच्यांच्या खोलीत खेळतो. त्यातल्या 'अंगण' नावाच्या एका खोलीतून सोन्याला हाकललंय. आणि संघाची अट अशी की कुठल्याही खोलीनं हाकललेला खेळाडू आम्हाला चालत नाही. महिनाअखेरपर्यंत ती बंदी उठली तर ठीक, नाहीतर त्याच्या जागी दुसरा. त्या खोलीचा मालक कुणी मुकादम आहे. नाव तरी बघ. सोन्या सांगतो, महाखडूस माणूस, पोरं जरा हसली की ह्याच्या नाकाला मिरच्या झोंबतात. असेल कुणी पेन्शनीत निघालेला टिकोजीराव. घरात कुणी विचारत नाही, म्हणून पोरांवर मुकादमी करतो.

तुला कॉम्प्युटरचं कळतं. त्या मुकादमाला गाठ. आधी गोड बोल, नाही ऐकलं तर तुझ्या पद्धतीनं बोल. तुझी जीभ आपल्याच घराण्याची आहे, एकदा तरी तिचा घरच्यांना उपयोग होऊ दे.

चष्म्याच्या कारखान्यात बरं चाललंय ना? दादाला म्हणावं, गुडघ्याला मलम लाव, नुसता ट्यूबकडे बघत बसू नकोस.

तुझी आत्या

*

८ सप्टेंबर

आत्या,

तुझं पत्र दुपारच्या सुट्टीत वाचलं, भिंगं घासायच्या चाकाशेजारी बसून. आधी खूप हसले. मग हसू गेलं. तो पेन्शनीत निघालेला टिकोजीराव मी आहे.

होय, मुकादम मीच आणि अंगण माझं. तुला सांगितलं नव्हतं, कारण तू म्हणाली असतीस, एवढी घोडी झाली तरी खेळतेय. पण मी हाकललेला वस्तरा नावाचा खेळाडू म्हणजे आपला सोन्या, हे मला तुझ्या पत्रावरून कळलं; माझ्याकडच्यांत मोठ्या संघानं बोलावलेला तो एकटाच. खेळात कुणी खरं नाव लावत नाही. आवाजावरून ओळखायला हवं होतं म्हणशील, तर आवाज फुटल्यापासून तो माझ्याशी 'हं' आणि 'नाही' यापलीकडे बोललाय कुठे? आणि त्यानं मला ओळखलं नाही, कारण मी तिथे बोलत नाही, लिहिते. बाईचा आवाज ऐकला की निम्म्या लोकांचं तोंड सुटतं, हे मी पहिल्याच महिन्यात शिकले.

आता अंगण काय आहे ते ऐक. लहानपणी आम्ही तुमच्या गच्चीवर पकडापकडी खेळायचो तेव्हा सगळ्यात लहान जो असेल तो कच्चं लिंबू. त्याला पकडलं तरी तो बाद नाही. अंगणात कुणीही नवा आला की तो कच्चं लिंबू असतो, मग तो कितीही वयाचा असो. त्याच्या चुका धरत नाहीत, त्याच्यावर कुणी ओरडत नाही. आणि दुसरा नियम असा की बोलणाऱ्याचं वाक्य पुरं होऊ द्यायचं. किल्ला पडत असला तरी.

हा नियम आम्ही केला तो एका गृहस्थांमुळे. त्यांनी स्वतःच नाव घेतलंय गोगलगाय. शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतात. बोलताना अडखळतात, एखाद्या अक्षरावर बराच वेळ अडकून पडतात. 'मागून येतायत' हे सांगून होईपर्यंत मागून आलेले आम्हाला मारून पुढे गेलेले असतात. त्यांच्या वाक्यापायी आम्ही कितीदा किल्ला घालवलाय. घालवतो आणि परत खेळतो.

तर एका संध्याकाळी, खोली भरलेली असताना, तुझ्या चिरंजीवांनी त्यांची नक्कल केली. एकदा करून थांबला असता तर मीही दम देऊन सोडलं असतं. ते जे अक्षर उच्चारू बघायचे ते हा पुढे ओढायचा, आणि बाकीचे खिदळायचे. शेवटी गोगलगाय 'मा... मा...' करत होते. बहुतेक 'माफ करा' म्हणणार होते. ह्यानं तेही ओढलं. मग ते निघून गेले. ह्यानं ते सगळं रेकॉर्ड केलं होतं, ते इतर खोल्यांत फिरवलं. गोगलगाय त्यानंतर आलेले नाहीत.

मी त्याला हाकललं. परत यायचं तर सगळ्यांसमोर माफी मागायची आणि मग कच्चं लिंबू होऊन बसायचं, असं कळवलंही होतं. त्यानं काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही.

तो माझा आतेभाऊ निघाला म्हणून माझ्या अटी बदलत नाहीत. मी बंदी उठवणार नाही.

चिमी

*

१२ सप्टेंबर

चिमे,

तुझं पत्र वाचून डोक्यात तिडीक गेली. म्हणजे माझ्याच भावाची पोर माझ्या पोराच्या मुळावर उठलीय, आणि मी बावळट तिलाच वकील करायला निघाले होते.

काय केलं त्यानं? नक्कल केली. सतरा वर्षांची पोरं नक्कल करणार नाहीत तर काय पूजेला बसणार? सोन्या म्हणतो, सगळेच हसत होते, तो माणूसही हसायचा आधी. तू तिथे होतीस, सगळ्यांना का नाही हाकललंस? आपल्या घरचंच एक सापडलं का?

आता माझं ऐक. मी पाणीपुरवठ्याच्या तक्रारीच्या खिडकीवर बसते. खिडकीला काच आहे आणि काचेला बोलण्यापुरतं गोल भोक. त्या भोकातून दिवसभर काय काय येतं याची तुला कल्पना नाही. परवा एका सुटाबुटातल्या माणसानं मला आंधळी म्हटलं, कारण त्याच्या बिलावर शेजाऱ्याचं मीटर आलं. काल एक बाई म्हणाली, तुमच्या घरी पाणी येत असेल म्हणून हसताय. मी हसत नव्हते, माझा चेहराच तसा आहे. आणि आई-बहिणीवरून तर उठसूट. मी काय करते? तक्रार लिहून घेते आणि 'पुढचा' म्हणते. शब्दांनी अंगाला भोकं पडत नाहीत. एवढं मनाला लावून घ्यायचं असेल तर तुझ्या त्या गोगलगाईनं शंखातून बाहेर पडू नये.

ज्याला तू कधी पाहिलेलं नाहीस, ज्याचं खरं नाव तुला ठाऊक नाही, तो तुझा झाला. आणि ज्याला कडेवर घेऊन तू आमच्या गल्लीभर फिरायचीस, ज्याचा पहिला दात तू आधी बघितलास, तो परका. वा. एक बटण दाबायचं आहे, तेवढंही तुझ्याच्यानं होत नाही.

मी दादाला फोन केलाय. तोच आता तुझ्याशी बोलेल.

आत्या

*

१७ सप्टेंबर

आत्या,

बाबा बोलले. म्हणाले, आत्याचं मन मोडू नकोस. मी म्हटलं, तुम्ही दोघं भाऊ-बहीण मिळून माझं मोडा हवं तर, मी बटण दाबणार नाही. ते मलमाची ट्यूब घेऊन आत निघून गेले. घरात सध्या शांतता आहे.

सगळ्यांना का हाकललं नाही, विचारतेस. हाकललं. सोन्याबरोबर जे जे खिदळले त्या सगळ्यांना त्याच संध्याकाळी बाहेर काढलं. आणि त्याची किंमत काय ते ऐक. अंगण सुरू केलं तेव्हापासून माझ्याबरोबर एक जण होता, डॉक्टर नावाचा. खऱ्या आयुष्यात टायरच्या दुकानात काम करतो, खेळात जखमी झालेल्यांना उठवायचा म्हणून डॉक्टर. तो मला म्हणाला, एवढा तत्त्वांचा पुळका कशाला, खेळच तर आहे. आणि चांगले चांगले खेळाडू घेऊन निघून गेला. आता माझ्याकडे उरलीत सगळी कच्ची लिंबं. आम्ही रोज हरतो. एकाला तर अजून किल्ल्याचा जिना सापडलेला नाही. मला चालतं.

परवा मी माइक चालू केला. पहिल्यांदाच. म्हटलं, मी मुकादम, मी बाई आहे, आणि या खोलीत ज्याला माणसासारखं बोलता येत नाही त्यानं आत्ता जावं. दोघा-तिघांनी माझ्या आवाजाची टर उडवायला सुरुवात केली. त्यांचं वाक्य मी पुरं होऊ दिलं, नियम तो नियम, आणि मग हाकललं.

आता तुझ्या खिडकीचं. शब्दांनी भोकं पडत नाहीत म्हणतेस. कॉलेजला असताना मी वर्षभर तुमच्याकडे राहिले होते. तू कामावरून आलीस की चपला न काढता सरळ गॅलरीत जाऊन उभी राहायचीस. चहा समोर गार व्हायचा. काकांनी हाक मारली तरी वळायची नाहीस. मला आधी वाटायचं, तू रस्ता बघतेस. मग कळलं की तू काहीच बघत नाहीस, दिवसभर जे कानात गेलं ते बाहेर पडायची वाट बघतेस. भोकं पडत नसतील तर ते काय होतं, सांग मला.

आणि ती काचेपलीकडची माणसं काही आभाळातून पडलेली नाहीत. तीही कुणाची तरी सोन्यासारखी पोरंच असणार, ज्यांना वेळेवर कुणी हाकललं नाही.

माझ्यावर विश्वास नसेल तर स्वतः बघ. त्या खेळात 'मैदान' नावाची एक उघडी जागा आहे, तिथे कुठलेच नियम नाहीत, कुणीही शिरावं. बंदी आल्यापासून सोन्या तिथेच असतो. एकदा जा आणि त्याला खेळताना ऐक. त्यानंतरही मला बटण दाब म्हणालीस तर आपण फोनवर बोलू.

चिमी

*

२६ सप्टेंबर

चिमे,

तुझं पत्र मी फाडून टाकलं. मग तुकडे जुळवून परत वाचलं, कारण गॅलरीबद्दल काय लिहिलंस ते नीट बघायचं होतं. मला वाटायचं, ते कुणाच्या लक्षात येत नाही.

रविवारी दुपारी तू म्हणालीस तसं केलं. खरं सांगू, तुला खोटं पाडायला केलं. आणि थोडं हौसेनंही. ज्या पोराला मोठा संघ बोलावतो ते खेळतं तरी कसं, बघावं म्हटलं. ह्यांचा कामाचा लॅपटॉप घेतला आणि पलीकडच्या खोलीत दार लावून बसले. सोन्या त्याच्या खोलीत, मधे एक भिंत. ते मैदान सापडेपर्यंत माझे डोळे दुखायला लागले. नाव काय द्यावं सुचेना, 'खिडकी' दिलं. वस्तरा कुठे खेळतोय ते दिसत होतं, त्याच्या नावावर टिचकी मारली, आणि नेमकी त्याच्याच बाजूला पाचवी म्हणून जाऊन पडले. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. म्हटलं, लेकाबरोबर खेळतेय.

पण मला माझ्या माणसाला वळवताही येईना. किल्ल्याच्या भिंतीला नाक लावून उभी. एका बोटानं लिहिलं, 'दार कुठे आहे'. लिहीपर्यंत कुणीतरी मला मारलं. परत उठले, परत मारलं.

तेव्हा तो बोलायला लागला. आधी भिंतीपलीकडून आवाज यायचा आणि मग तोच आवाज हेडफोनमधून. प्रत्येक वाक्य मी दोनदा ऐकलं. 'हा कुठला ठोंब्या आलाय.' 'ए खिडकी, डोळे गहाण ठेवलेस का.' बाकीचे हसत होते. तो नेमका कुठे थांबायचं, त्यांना हसायला किती वेळ द्यायचा, ते सगळं जाणून होता. मी लिहीत होते, 'मी नवीन आहे'. ते लिहून व्हायच्या आत त्यानं माझ्या आईवरून शिवी घातली.

माझ्या आईवरून. म्हणजे त्याच्या आजीवरून, आणि तुझ्याही. जिच्या कुशीत तो शाळेत जायला लागेपर्यंत झोपला. आणि ती शिवी मला नवी नव्हती, चिमे. ती त्या काचेच्या भोकातून रोज येते. मी तिच्यामागचा चेहरा कधी बघतच नव्हते, 'पुढचा' म्हणून मोकळी होत होते. या वेळी चेहरा मला पाठ होता.

उठले आणि त्याच्या खोलीचं दार उघडलं. त्यानं मान न वळवता हात वर केला. म्हणाला, 'थांब आई, एक मठ्ठ आलाय आमच्यात, त्याला आधी हाकलतो.' मी म्हटलं, 'हाकल. ती मीच आहे.'

त्याला कळायला जरा वेळ लागला. मग पांढराफटक पडला. आणि मग म्हणाला, 'तू आहेस हे माहीत असतं तर मी असं बोललो असतो का?'

तेच मला गिळता येत नाहीये. त्याला वाटतंय, ही माफी झाली. मी विचारलं, 'मी नसते तर दुसरी कुणीतरी असती. तिला काय लागलं नसतं?' हे मधे पडले, म्हणाले, वय आहे त्याचं. मी म्हटलं, वय माझंही आहे.

तरी मी त्याला सांगितलं, अजून दोन-चार दिवस आहेत, ताईची अट मान्य कर, उद्या त्या माणसाची माफी माग, तुझी जागा तुला मिळेल. तो म्हणाला, त्या तोतऱ्यापुढे मी नाक घासणार नाही. एवढं सगळं झाल्यावरही तोतरा म्हणाला. मग मीही ठरवलं.

तो तुला फोन करेल. रडेलसुद्धा, त्याला रडता छान येतं. ह्यांचा येईल, दादाचा तर येईलच. कुणाचंही ऐकू नकोस. बटण दाबू नकोस. मी त्याची आई म्हणून सांगतेय.

आत्या

*

३० सप्टेंबर

आत्या,

संध्याकाळी मुदत संपली. दाबलं नाही.

सगळ्यांचे फोन आले. बाबांनी तर मला कारखान्यात गाठलं, चाकाच्या आवाजात ओरडून बोलत होते, सगळे कारागीर काम थांबवून ऐकत होते. त्या संघाच्या माणसानंही लिहिलं, की एवढ्याशा गोष्टीवरून इतका गुणी मुलगा हातचा जाऊ नये, तुम्ही फक्त बंदी उठवा, वळण आम्ही लावू. मी कळवलं, आधी वळण लावा, मग मी उठवते.

आणि सोन्याचा फोन आला. 'ताई, प्लीज,' म्हणाला. किती वर्षांनी त्यानं मला ताई म्हटलं. मी म्हटलं, माफी माग, आत्ता खोली उघडी आहे, सगळे आहेत, पुढच्या मिनिटाला तुझी बंदी उठवते. त्यानं फोन ठेवला. मग मी रडले. जिंकल्यासारखं काही वाटत नाहीये, आत्या. त्याची जागा मला घालवायची नव्हती. पण ती वाचवायला मी गोगलगायना विकायचं, हे मला जमणार नाही. त्यांना मी निरोप धाडला होता. उत्तर नाही.

तू त्या मैदानात परत पाऊल टाकू नकोस. खेळायचंच असेल तर अंगणात ये. कसं यायचं ते मागच्या पानावर लिहिलंय.

चिमी

*

९ ऑक्टोबर

चिमे,

अंगणात तुझ्या त्या लिंबांनी मला जिना दाखवला. ज्याला स्वतःला आधी सापडत नव्हता म्हणतेस ना, त्यानंच दाखवला, आणि काय ऐटीत. काल आम्ही हरलो, पण मी एकाला मारलं. नंतर कळलं, तो आपल्याच बाजूचा होता. कुणी काही बोललं नाही. तो स्वतःच म्हणाला, होतं असं, नेम मात्र चांगला आहे.

आता माझी कर्तबगारी ऐक. सोमवारी खिडकीवर एक जण आला. पाणी नाही म्हणून सुरुवात केली आणि दुसऱ्या वाक्याला माझ्या आईवर घसरला. मी काचेच्या भोकावरची पट्टी सरकवून ते बंद केलं. रांग बघतच राहिली. काचेवर कागद धरला, त्यावर लिहिलं होतं, 'पाण्याची तक्रार घेते. नीट बोलायची तयारी झाली की टकटक करा.' आधी त्यानं थयथयाट केला. मग मागचे लोकच त्याला म्हणाले, अहो बोला ना नीट, आमचा खोळंबा होतोय. शेवटी टकटक केली. त्याची तक्रार मी व्यवस्थित लिहून घेतली, त्याच्याकडे दोन दिवस खरंच पाणी नव्हतं.

वरिष्ठांनी बोलावून घेतलं. म्हणाले, बाई, असं केलंत तर लोक तुमची तक्रार करतील. म्हटलं, करू द्या की, ती माझ्याच खिडकीवर येईल. ते हसले, आणि मग म्हणाले की पुन्हा करू नका. मी पुन्हा करणार आहे.

सोन्या माझ्याशी बोलत नाही. ताट घेऊन खोलीत जातो. मैदानातही फारसा जात नाही, भिंतीपलीकडून आवाज येत नाही आता. मी संध्याकाळी स्पीकर लावून अंगणात बसले की आमची सगळी बडबड त्याला ऐकू जाते, तेव्हा मात्र त्याच्या खोलीत पंखासुद्धा बंद असतो. वाईट वाटतं गं. पोटचं पोर आहे. रोज वाटतं, जाऊन जवळ घ्यावं. अजून गेलेले नाही.

आत्या

*

१९ ऑक्टोबर

ताई,

आई म्हणते, आपल्या घरात भांडण कागदावर करतात. मी आधी कधी पत्र लिहिलेलं नाही, त्यामुळे चुकलं तर चुकलं.

माझ्या जागी त्यांनी दुसऱ्याला घेतलं. तो माझ्याहून कच्चा आहे, हे तुलाही माहीत आहे. म्हणजे मी जागेसाठी लिहीत नाहीये. ती गेली. तुझा राग आहे मला, तो खरा आहे, लपवत नाही.

आईला मी सॉरी म्हटलं. ती म्हणते, मला नको, मला तू ओळखतोस. ज्यांना ओळखत नाहीस त्यांना म्हण. ती रोज भिंतीपलीकडे खेळते, तुम्ही सगळे तिला 'डावीकडे, खिडकी, डावीकडे' सांगत असता आणि ती उजवीकडे जाते आणि हसत सुटते. मी आईला एवढं हसताना बघितलेलं नाही. मी तिला दोन मिनिटांत शिकवलं असतं. ती मला खोलीत येऊ देत नाही.

मला त्या गोगलगायचा नंबर दे. मी त्यांना फोन करून माफी मागतो, एकट्यात. खरंच मागतो. पण सगळ्यांसमोर नको, ताई. सगळे हसतील. कुणीतरी रेकॉर्ड करेल आणि फिरवेल, आणि मग मी कुठल्याही खोलीत तोंड उघडलं की तेच वाजवतील. तुला कळत नाही ते कसं असतं.

सोन्या

*

२३ ऑक्टोबर

सोन्या,

पत्र चांगलं लिहिलंस. राग आहे म्हणालास ते आवडलं, तो तसाच ठेव, मला चालेल.

नंबर देणार नाही. त्यांना एकट्यात गाठून तुझं मन हलकं करायची सोय मी करून देणार नाही. ते कसं असतं मला कळत नाही म्हणतोस. शेवटच्या चार ओळी तूच लिहिल्यास ना? मग त्या परत वाच आणि तिथे तुझ्या जागी त्यांना बसव. त्यांना तुला काही सांगायला लागणारच नाही.

माफी सगळ्यांसमोर मागायची. कुणी हसणार नाही. हसलाच तर त्याला मी हाकलीन, तुला हाकललं तसंच, तो कुणाचा कोण लागतो ते न विचारता. रेकॉर्ड करणाऱ्यालाही. बोलताना तुला शब्द सुचले नाहीत, तू अडखळलास, तरी तुझं वाक्य पुरं होईपर्यंत कुणी तोंड उघडणार नाही. हे नियम मी तुझ्याविरुद्ध केलेले नाहीत. तू आलास तर ते तुझेही आहेत.

मग कच्चं लिंबू व्हायचं. आत्याच्या शेजारी बसायचं. तिला शिकवायचं असेल तर शिकव, पण ओरडायचं नाही, ती उजवीकडे गेली तरी.

गोगलगाय येतील की नाही, मला ठाऊक नाही. मी त्यांना या वेळी बोलावणार नाही, तुझी माफी ऐकायला यायचं ओझं त्यांच्यावर कशाला. ते नसले तरी तू बोलायचंस. आणि ते कधीच आले नाहीत, तर तेही तुला सोसायला लागेल, मलाही लागतंय.

बंदी मी रविवारी संध्याकाळी उठवते. तू त्यांची नक्कल केलीस तेव्हा खोली भरलेली होती. मी डॉक्टरला, तुझ्याबरोबर खिदळलेल्या त्या सगळ्यांना, सगळ्यांना निरोप धाडलाय. त्यांची बंदी त्या संध्याकाळपुरती उठवतेय. खोली भरलेलीच असेल. ये.

तुझी ताई, मुकादम